झेनॉनची चुगली

मुलांनो, एक श्वास घ्या. खोल नको, नेहमीचाच. साधारण अर्धा लिटर हवा आत गेली. तिच्यात नायट्रोजन होता, ऑक्सिजन होता, थोडा आरगॉन होता, हे तर तुम्हाला पाठच असेल. पण त्याच श्वासाबरोबर झेनॉन नावाच्या वायूचे अणूही तुमच्या छातीत शिरले. किती असतील? एकावर पंधरा शून्यं लिहा. जवळपास तेवढे!

आकडा केवढा मोठा वाटतो ना? पण हवेत कणच इतके असतात, की एक कोटी पंधरा लाख मोजावेत तेव्हा कुठे झेनॉनचा एक अणू हाती लागतो. शिवाय हे अणू तुमच्या अंगात काही करतही नाहीत. ऑक्सिजन रक्तात शिरतो आणि लगेच कामाला लागतो. झेनॉन आपला आत येतो, थोडा हिंडतो आणि आला तसा बाहेर पडतो.

आज याच झेनॉनची गोष्ट सांगायची आहे, कारण शास्त्रज्ञांनी त्याच्याकडून एक भन्नाट काम करून घ्यायला सुरुवात केली आहे. तो शरीरात जातो, तिथं शेजारी कोण कोण भेटलं ते टिपतो आणि बाहेर यंत्रापाशी बसलेल्या डॉक्टरांकडे त्याची चुगली करतो!

आधी त्याची ओळख करून घेऊ. १८९८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हवेला इतकं थंड करत होते, की तिचा द्रव व्हायचा. हा द्रव हळूहळू उकळू दिला की आधी एक वायू उडून जातो, मग दुसरा, मग तिसरा. असं करता करता त्या दोघांनी काही आठवड्यांतच तीन नवी मूलद्रव्यं शोधून काढली. आधी क्रिप्टॉन, मग निऑन आणि शेवटी, जुलै महिन्यात, झेनॉन. झेनॉन या तिघांत सगळ्यांत जड, त्यामुळे तो उडून जायलाही सगळ्यांत नाखूष. बाकीचे गेले तरी हा मागे उरलेला!

हेच रॅम्झी १९०० साली भारतात आले होते, हे तुम्हाला माहीत आहे का? जमशेटजी टाटांना विज्ञानाची एक मोठी संस्था काढायची होती. ती कुठे काढावी हे पाहण्यासाठी रॅम्झी देशात हिंडले आणि त्यांनी बंगळूरचं नाव सुचवलं. आजची भारतीय विज्ञान संस्था तिथंच उभी आहे. गोष्ट जरा बाजूला गेली, पण इतकी चांगली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववेना.

तर झेनॉन. हा राजवायूंच्या घराण्यातला. त्याच्या अणूत ५४ इलेक्ट्रॉन असतात आणि सगळ्यांत बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली असते. कुणाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. झेनॉन कुणाशीही संयोग करतच नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांनी एका कमालीच्या आक्रमक रसायनाशी त्याचा संयोग घडवून दाखवला, तेव्हा जगभरचे रसायनशास्त्रज्ञ थक्क झाले. पण इतकं आक्रमक रसायन आपल्या शरीरात कुठून असणार? त्यामुळे आपल्या अंगात झेनॉन एकटा तो एकटाच राहतो.

आता एक गंमत नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. झेनॉनचा अणू मोठा आहे आणि त्याच्या केंद्राभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग लवचीक आहे. शेजारी पाणी आलं की तो ढग थोडा दबतो. चरबी आली की वेगळ्या तऱ्हेनं दबतो. एखाद्या प्रथिनाच्या खाचेत शिरला की आणखी वेगळा. झेनॉन कुणाशी जोडला जात नाही, पण शेजारी कोण आहे याचा परिणाम त्याच्या अंगावर उमटतोच. आपल्याला फक्त तो वाचता आला पाहिजे.

वाचायचं यंत्र तुमच्या ओळखीचं आहे. आजीचा गुडघा नाहीतर बाबांची पाठ दुखली म्हणून तुमच्या घरी कुणाचा तरी एमआरआय काढला असेल. लांबट बोगदा, आत धडाड् धडाड् आवाज, आणि जाण्यापूर्वी अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचं. त्या बोगद्याभोवती जबरदस्त चुंबक असतो. रुग्णालयांतले बरेचसे चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचे असतात. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजारपट!

हे यंत्र शरीरात हायड्रोजन शोधत असतं. आपल्या वजनातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक इवलासा चुंबकच. मोठ्या चुंबकाच्या पोटात गेलं की यातली काही केंद्रं त्याच्या दिशेनं उभी राहतात, काही बरोबर उलट. मग यंत्र रेडिओ लहरींचा एक धक्का देतं. केंद्रं कलतात, डोलू लागतात आणि डोलता डोलता स्वतःही रेडिओ लहरी सोडतात. त्या पकडून संगणक चित्र तयार करतो. अशी चित्रं काढायची युक्ती शोधली म्हणून पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण यात एक मोठी अडचण लपलेली आहे. सुलट उभी केंद्रं आणि उलट उभी केंद्रं एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. दीड टेस्लाच्या चुंबकात दहा लाख केंद्रं घेतली, तर सुलट आणि उलट यांच्यातला फरक असतो जेमतेम पाचाचा! बाकी सगळ्यांची वजाबाकी होऊन जाते. यंत्राला ऐकू येतात ती ही पाचच. तरीही सुंदर चित्रं निघतात, कारण शरीरात पाणी भरपूर आहे.

फुप्फुसांत मात्र पंचाईत होते. तिथं पाणी थोडं, तेही पातळ पातळ पडद्यांमध्ये. बाकी सगळी हवा. त्यामुळे नेहमीच्या एमआरआयमध्ये फुप्फुसांच्या जागी दोन काळे पट्टे दिसतात. क्ष-किरणांनी किंवा सीटी स्कॅननं फुप्फुसांची बांधणी दिसते. पण श्वास घेतल्यावर हवा नेमकी कुठवर पोचली आणि कुठे अडली, हे त्या चित्रांवरून सहज कळत नाही. दम्याच्या रुग्णाला तर नेमकं तेच विचारायचं असतं.

मग फुप्फुसांत पाण्याऐवजी असा वायू भरला, ज्याचं अणुकेंद्र स्वतःच चुंबक आहे, तर? झेनॉनचा एक प्रकार तसा आहे. त्याला झेनॉन-१२९ म्हणतात. हवेतल्या झेनॉनमधला सुमारे सव्वीस टक्के झेनॉन याच प्रकारचा असतो. तो किरणोत्सारी नाही, म्हणजे ती भीती नको. पण इथंही वजाबाकीचं दुखणं आहेच. झेनॉनचा चुंबक हायड्रोजनपेक्षा दुबळा, म्हणून दहा लाख केंद्रांत फरक पडतो फक्त एक-दीडाचा. त्यात वायू म्हटल्यावर अणू विरळ. यंत्र कितीही कान देऊन ऐकू दे, काही ऐकू येणार नाही.

इथं प्रकाश मदतीला येतो. हो, प्रकाश! अणूंवर नेमक्या प्रकारचा प्रकाश टाकला तर ते एका दिशेला उभे करता येतात, ही युक्ती फ्रान्समध्ये आल्फ्रेड कास्टलर यांनी १९५० साली मांडली. तिच्याबद्दल त्यांना १९६६ सालचं नोबेल मिळालं. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात विल्यम हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच युक्ती झेनॉनवर चालवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं.

ती कशी चालते ते पाहा, मला तर हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. एका बंद काचेच्या नळकांड्यात रुबिडियम नावाच्या धातूचा छोटा तुकडा ठेवतात. रुबिडियम ३९ अंशांनाच वितळतो, म्हणजे मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी तो घट्ट राहायचाच नाही! पाण्याचा स्पर्श झाला तर पेट घेतो, म्हणून त्याला हवाबंद ठेवावं लागतं. नळकांडं तापवलं की त्याची थोडी वाफ होते. आता त्यातून झेनॉन सोडतात, सोबत नायट्रोजन आणि हेलियमही असतात. मग बाहेरून लेझरचा झोत. तो ७९५ नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश. या प्रकाशाला स्वतःभोवती एक गिरकी दिलेली असते. रुबिडियमचा सगळ्यांत बाहेरचा इलेक्ट्रॉन ती गिरकी घेतो आणि एका दिशेला उभा राहतो. तेवढ्यात झेनॉनचा अणू येऊन रुबिडियमला धडकतो. क्षणभर दोघे एकमेकांना चिकटतात, आणि त्या क्षणात इलेक्ट्रॉन आपली दिशा झेनॉनच्या केंद्राला देऊन टाकतो. झेनॉन पुढे जातो. रुबिडियम लेझरकडून पुन्हा नवी दिशा घेतो, पुढच्या झेनॉनला देतो. असं अब्जावधी वेळा.

शेवटी काय होतं? दहा लाखांत जिथं एक-दीडाचा फरक होता, तिथं लाखोंचा होतो! झेनॉनचा आवाज दहा हजारपट, कधी लाखपटही वाढतो. अशा झेनॉनला अतिध्रुवीकृत झेनॉन म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ इतकाच की त्याची बरीचशी केंद्रं एकाच बाजूला तोंड करून उभी आहेत.

मग हा झेनॉन उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं थंड केलेल्या नळीत सोडतात. झेनॉनचा बर्फ होतो, इतर वायू पुढे निघून जातात. शेजारी चुंबक ठेवला असेल तर या बर्फात केंद्रांची शिस्त काही तास टिकते. हवं तेव्हा बर्फ वितळवायचा, वायू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा आणि पिशवी घेऊन झटपट एमआरआयच्या खोलीत जायचं. झटपट का? कारण पिशवीत शिस्त हळूहळू मोडत असते, आणि फुप्फुसात तर ऑक्सिजनच्या गर्दीत ती अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर संपते. एकदा मोडली की शरीरात ती पुन्हा लागत नाही.

१९९४ साली हॅपर यांच्या गटानं न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकच्या शास्त्रज्ञांबरोबर उंदराच्या फुप्फुसांत हा झेनॉन भरून पहिलं चित्र काढलं. जिथं एरवी काळोख दिसतो, तिथं फुप्फुसं उजळून दिसली.

आज माणसांसाठी हे कसं करतात? रुग्ण बोगद्यात झोपतो. पिशवीतून सुमारे एक लिटर मिश्रण श्वासाबरोबर आत ओढतो आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखतो. बस, तेवढ्या वेळात चित्र तयार! झेनॉन जिथं पोचला ते भाग उजळ, जिथं श्वासनलिका आकसल्या ते भाग काळे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये याला मान्यता मिळाली, प्रौढांसाठी आणि बारा वर्षांवरच्या मुलांसाठीही.

इथं कुणीतरी नक्की हात वर करेल, की झेनॉन हुंगणं धोक्याचं नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. झेनॉन भरपूर प्रमाणात आणि बराच वेळ दिला तर माणसाला भूल चढते. १९५१ सालीच अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी तशी भूल देऊन पाहिली होती. पण एका श्वासातला झेनॉन त्याला पुरत नाही. काहींना थोडा वेळ डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या काही श्वासांबरोबर झेनॉन बाहेर निघून जातो.

आता ती चुगली. मघाशी म्हटलं की केंद्रं डोलतात. दीड टेस्लाच्या चुंबकात झेनॉनचं केंद्र सेकंदाला सुमारे पावणेदोन कोटी वेळा डोलतं. पण शेजारी बदलला, इलेक्ट्रॉनांचा ढग दबला, की हा आकडा किंचित बदलतो. फुप्फुसातल्या हवेत असलेला झेनॉन एका गतीनं डोलतो. तोच फुप्फुसाच्या पातळ पडद्यात विरघळला की सेकंदाला साडेतीन हजार वेळा जास्त डोलतो. पडदा ओलांडून लाल रक्तपेशीत शिरला की हवेतल्यापेक्षा अडतीसशे वेळा जास्त! यंत्राला हा फरक स्वच्छ कळतो. म्हणजे झेनॉन नुसतं "मी आलो" सांगत नाही, तर "मी आत्ता पडद्यात आहे, मी आत्ता लाल पेशीत आहे" असं सांगतो.

ही माहिती फार मोलाची आहे, कारण ऑक्सिजनही याच वाटेनं रक्तात जातो. पडदा जाड झाला किंवा वाट अडली तर लाल पेशीत पोचणारा झेनॉन कमी भरतो. कोविड होऊन गेल्यावर कित्येक लोकांना महिनोन् महिने धाप लागत होती आणि सीटी स्कॅन मात्र ठीक दिसत होता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांना झेनॉन देऊन पाहिलं, तेव्हा झेनॉन रक्तात नीट उतरत नाही असं दिसलं. "मला काहीतरी होतंय" असं सांगणाऱ्या माणसाला यंत्रानं साथ दिली, याचा मला फार आनंद होतो. शेफील्डच्याच शास्त्रज्ञांनी २०१८ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं. श्वासातून रक्तात गेलेला झेनॉन हृदयातून थेट मेंदूत पोचतो, त्याचं चित्र त्यांनी काढलं. एका श्वासात मेंदूपर्यंत!

इतका चांगला चुगलखोर मिळाल्यावर शास्त्रज्ञांना हाव सुटणारच. पाणी, चरबी, लाल पेशी एवढ्यावर का थांबायचं? शरीरात कुठेतरी कर्करोगाच्या मूठभर पेशी लपल्या असतील, तर त्यांचीही चुगली झेनॉननं करावी! आज एमआरआयच्या आधी कधीकधी शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात. त्यात बहुधा गॅडोलिनियम नावाच्या धातूचं संयुग असतं. रक्तपुरवठा कुठे जास्त आहे, रक्तवाहिनी कुठे झिरपते, हे त्यामुळे उठून दिसतं. पण एखाद्या ठरावीक रेणूला हुडकणं त्याला जड जातं, कारण ते रेणू फार थोडे असतात.

झेनॉन तर कुणालाच धरून ठेवत नाही. मग त्याला ठरावीक जागी कसं थांबवायचं? उत्तर आहे पिंजरा. रेणूंचा पिंजरा!

पॅरिसमध्ये आंद्रे कोले यांच्या प्रयोगशाळेत १९८१ साली क्रिप्टोफेन नावाचा एक पोकळ रेणू तयार झाला. दोन वाटीसारखे भाग तोंडाला तोंड लावून तीन पुलांनी जोडलेले, आणि मध्ये रिकामी जागा. पुढे लक्षात आलं की झेनॉनला ही जागा फार मानवते. पाण्यात एकटं फिरण्यापेक्षा पिंजऱ्यात शिरणं त्याला सोयीचं पडतं. तो तिथं बांधला जात नाही. थोडा वेळ बसतो, बाहेर पडतो, दुसरा येऊन बसतो. पण आत बसलेला असताना त्याची डोलण्याची गती साफ बदलते. पाण्यातल्या झेनॉनपेक्षा सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा कमी. म्हणजे पिंजऱ्यातला झेनॉन कोणता हे यंत्राला ओळखता येतं.

२००१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात अलेक्झांडर पाइन्स आणि डेव्हिड वेमर यांच्या गटानं या पिंजऱ्याला एक शेपूट जोडलं आणि शेपटाच्या टोकाला बायोटिन लावलं. बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन असतं, ते बायोटिनला असं घट्ट पकडतं की सुटता सुटत नाही. दोघांची गाठ पडली, आणि पिंजऱ्यातल्या झेनॉनची गती आणखी थोडीशी सरकली. झेनॉननं चुगली केली होती: "माझ्या पिंजऱ्याला कुणीतरी धरलंय!" अशा पिंजऱ्याला झेनॉनचा जैवसंवेदक म्हणतात. बायोटिन म्हणजे त्या शेपटाचा गळच; त्याच्या जागी दुसरा गळ लावला, तर तो दुसऱ्या कशाला तरी जाऊन अडकेल.

पण पिंजरे फारच थोडे असतील तर? दहा-वीस हजार पाण्यातल्या झेनॉनमागे एखादाच पिंजऱ्यात असेल, तर त्याचा क्षीण आवाज ऐकायचा कसा? २००६ साली याच बर्कलीत लाइफ श्रोडर आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली, आणि ती इतकी चतुर आहे की मी तुम्हाला एक चित्रच डोळ्यांपुढे आणायला सांगतो.

अमावास्येची रात्र आहे. मोठ्या मैदानावर हजारो मुलं हातात पेटती पणती घेऊन इकडे तिकडे फिरताहेत. मैदानात कुठेतरी एक इवलीशी झोपडी आहे. अंधारामुळे ती दिसत नाही. झोपडीत एका वेळी एकच मूल मावतं, आणि आत एकजण दबा धरून बसलाय. मूल आत आलं की तो फू करून पणती विझवतो. मूल बाहेर पडतं, दुसरं आत शिरतं, फू! तिसरं शिरतं, फू! तुम्ही लांब टेकडीवर उभे आहात. झोपडी तुम्हाला अजूनही दिसत नाही. पण थोड्या वेळानं मैदानाच्या एका कोपऱ्यात अंधार पसरायला लागतो. झोपडी तिथंच असणार, नाही का?

पेटती पणती म्हणजे झेनॉनची एका बाजूला तोंड केलेली केंद्रं. झोपडी म्हणजे पिंजरा. आणि फुंकर म्हणजे रेडिओ लहरी. त्या नेमक्या पिंजऱ्यातल्या झेनॉनच्या गतीला जुळवलेल्या असतात, त्यामुळे बाहेरच्या झेनॉनला त्यांचा त्रास होत नाही. पिंजऱ्यात जो येईल त्याचीच शिस्त मोडते. झेनॉन पिंजऱ्यात सारखा ये-जा करत असतो, काही पिंजऱ्यांत तर सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे एकेक पिंजरा थोड्याच वेळात आजूबाजूच्या पुष्कळ झेनॉनचा आवाज बंद करतो. यंत्र ऐकतं ते बाहेरच्या झेनॉनचा मोठा आवाज, आणि तो कुठे कमी झाला एवढंच बघतं. खात्रीसाठी दोन चित्रं काढतात. एकदा फुंकर बरोबर गतीची, एकदा मुद्दाम चुकीच्या गतीची. दोन्हींची वजाबाकी केली की जिथं पिंजरे आहेत तीच जागा उरते.

झेनॉनचा जो दोष वाटत होता, कुठेच न टिकण्याचा, तोच इथं कामाला आला. तो पिंजऱ्यात घट्ट बसून राहिला असता तर एकच पणती विझली असती.

आणि पिंजरे फक्त प्रयोगशाळेतच बनतात असं नाही. तळ्यातल्या पाण्यात राहणाऱ्या काही जिवाणूंना उन्हासाठी वर तरंगायचं असतं. त्यासाठी ते स्वतःच्या पेशीत प्रथिनांच्या सूक्ष्म वायुपिशव्या बांधतात. त्या पिशवीची भिंत फक्त दोन नॅनोमीटर जाड. तिच्यातून वायू आतबाहेर करू शकतो, पाण्याला मात्र आत जागा नाही. २०१४ साली बर्कलीतच मिखाईल शापिरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झेनॉन या पिशव्यांतही खुशाल शिरतो, आणि एका पिशवीत एक नाही, शेकडो अणू मावतात! पणत्या विझवण्याचं काम इथं प्रचंड वेगानं होतं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे या पिशव्या बांधण्याची कृती जिवाणूंच्या जनुकांत लिहिलेली असते. ती जनुकं ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत घातली, तर तोही पिशव्या बांधायला लागला आणि झेनॉनच्या यंत्राला दिसू लागला. वेगवेगळ्या जातींच्या पिशव्यांत झेनॉनची गतीही थोडी वेगवेगळी असते, म्हणजे एकाच वेळी दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखता येतील.

हे सगळं झालं नळ्यांमध्ये आणि पेशींवर. जिवंत प्राण्यात? कॅनडात थंडर बे या गावी, सुपीरियर सरोवराच्या काठी, मिचेल अल्बर्ट यांच्या गटानं २०१७ साली ते करून दाखवलं. १९९४ च्या त्या उंदराच्या फुप्फुसांच्या चित्रातही अल्बर्ट होतेच, बरं का! या वेळी त्यांनी कुकर्बिटुरिल नावाचा पिंजरा घेतला. याचा आकार भोपळ्यासारखा, म्हणून नावही भोपळ्याच्या कुळावरून ठेवलेलं. हा रेणू १९०५ सालीच तयार झाला होता, पण तो आतून पोकळ आहे हे कळायला १९८१ साल उजाडलं! त्यांनी तो जिवंत उंदराच्या शिरेतून दिला, उंदराला झेनॉनचा श्वास दिला, आणि पोटाच्या भागात पिंजरे कुठे पोचले ते चित्रात टिपलं.

माणसात हे पिंजरे अजून वापरलेले नाहीत. आज माणसाला मिळतो तो बिनपिंजऱ्याचा झेनॉन, आणि फुप्फुसांसाठी तो उत्तम काम करतो. पिंजऱ्यांपुढच्या अडचणी मात्र खऱ्याखुऱ्या आहेत. रक्तात झेनॉनची शिस्त काही सेकंदांतच मोडू लागते, आणि फुप्फुसापासून दूरच्या अवयवापर्यंत पोचेतो त्यातले बरेच सेकंद खर्च होतात. पिंजरा विषारी असून चालत नाही, आणि काम झाल्यावर तो शरीराबाहेरही पडला पाहिजे. शिवाय शरीरात हजारो प्रकारचे रेणू आहेत. त्यातलाच एखादा पिंजऱ्यात ठाण मांडून बसला तर झेनॉनला जागाच उरत नाही. कुकर्बिटुरिलच्या बाबतीत ही चिंता जास्तच आहे.

आणि एक अडचण तर अगदी गमतीची. झेनॉननं पिंजऱ्यात ये-जा भराभर करायला हवी, म्हणजे पुष्कळ पणत्या विझतील. पण ती फारच भराभर झाली तर आतली गती आणि बाहेरची गती एकमेकींत मिसळून जातात, आणि आतला कोण, बाहेरचा कोण, हे यंत्राला कळेनासं होतं. फार सावकाश झाली तर अंधार पसरायच्या आत झेनॉनचीच शिस्त संपते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ सध्या पिंजऱ्यांची तोंडं थोडी रुंद, थोडी अरुंद करून, पूल थोडे लांब, थोडे आखूड करून बघताहेत, आणि प्रत्येक नव्या पिंजऱ्यात झेनॉन सोडून सेकंदाला तो किती वेळा आतबाहेर करतो ते मोजताहेत.